जाल्झा आणि बरणीतली काडी

आमच्या ग्रबोव्हेकमध्ये जाल्झाशी वाद घालून जिंकलेला माणूस एकच. तिचा नवरा इम्ब्रा. आणि तोसुद्धा मेला म्हणून जिंकला. एका दुपारी भांडता भांडता "थांब, जरा पडतो" म्हणाला, आडवा झाला आणि उठलाच नाही. पुढं कित्येक वर्षं ती सांगायची, "चोर मेला! माझं उत्तर ऐकायला नको म्हणून पळाला."

बाई एवढीशी. पायात इम्ब्राचे बूट, अंगात इम्ब्राचा कोट आणि कोटाच्या खिशात इम्ब्राचा दाढीचा वस्तरा. वस्तरा कशाला, असं एकदा नव्या पोस्टमननं विचारलं. "कमी बोलणारी माणसं आवडतात मला," जाल्झा म्हणाली. तेव्हापासून तो तिची पत्रं फाटकात टाकून सायकल दामटायचा. खरं तर तो वस्तरा द्राक्षवेलींचे डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, कापून बघायला होता, पण हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

तिला मूलबाळ झालं नाही. अशा बाईला आमचं गाव दोन जागा देतं: चर्चमधला मागचा बाक आणि लग्नातलं स्वयंपाकघर. जाल्झानं दोन्ही घेतल्या नाहीत. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसायची आणि लग्नात पहिली नाचायला उठायची. अर्ध्या गावाच्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर तिनंच धरलेलं, म्हणून अर्ध्या गावाची ती 'कुमा'. आमच्याकडे कुमा म्हणजे सख्ख्या आत्येच्याही वरचं नातं. माझ्या थोरलीलाही तिनंच धरलं. पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि पोरीनं टाहो फोडला, तशी जाल्झा भर चर्चमध्ये म्हणाली, "पाणी जरा कोमट करता येत नव्हतं? पोर आहे ती, द्राक्षाची काडी नाही, गारठ्यात टिकते की नाही बघायला!"

आणि ती गारांची गोष्ट? ती सांगितल्याशिवाय जाल्झा कळायचीच नाही. आमच्याकडे गारांचा ढग आला की चर्चची घंटा वाजवतात, ढग फुटून जातो म्हणून. एका उन्हाळ्यात काळा ढग टेकडीवर येऊन बसला आणि घंटा वाजवणारा शेजारच्या गावी लग्नात पिऊन पडलेला. बायकांनी मनोऱ्यात चढायचं नाही असा रिवाज. जाल्झा चढली. अशी वाजवली, अशी वाजवली की दोर तुटून तिच्या हातात आला. आमच्याकडे एक गार पडली नाही. सगळ्या गेल्या शेजारच्या गावात, थेट त्या लग्नाच्या मांडवावर. ते लोक अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

तर अशी ही बाई, आणि तिची टेकडीवरची द्राक्षबाग. बाग इम्ब्राच्या आजोबांनी लावलेली. अर्धी जाल्झाची, अर्धी इम्ब्राच्या धाकट्या भावाची, गुस्तीची. पण वाटणी झालेली नाही, एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याला काही करता येत नाही. गुस्तीचं खाली रस्त्यावर टायरचं दुकान. माणूस वाईट नव्हे, पण त्याला जे गोल आहे आणि फिरतं तेच समजायचं. जमिनीत रुतून उभं असलेलं काही त्याच्या डोक्यात शिरत नसे. शहरातला एक दातांचा डॉक्टर त्याच्या मागे लागला होता. टेकडीवरून खालची नदी दिसते, तिथं त्याला सुट्टीचं घर बांधायचं होतं.

इम्ब्राच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला गुस्तीनं विषय काढला. टेबलाभोवती सगळं गाव. जाल्झानं काटा खाली ठेवला.

"ऐका सगळे. या वेली जिवंत आहेत तोवर इथं कुदळ लागणार नाही. मेल्या, तर हा आणि याचा तो दातवाला काय पाहिजे ते करू देत. मी सही देते. आता सूप गार होतंय."

जेवणाच्या टेबलावर, गावच्या कुमांच्या देखत दिलेला शब्द आमच्याकडे शिक्क्याच्या कागदाहून पक्का. गुस्तीही तेव्हा हसला. वेली कशाला मरतायत?

आणि मग तो हिवाळा आला.

तशी थंडी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. अक्रोडाची झाडं बंदुकीसारखा बार काढून उभी फाटायची. माझ्या बापाची राकिया, म्हणजे आलुबुखाऱ्याची घरची दारू, जी कधी गोठत नाही, ती बाटलीतून मधासारखी पडायला लागली आणि बाप म्हणाला, "जग बुडालं." पीचची झाडं गेली, गुलाब गेले, पाद्रीबाबांचं अंजीर गेलं. गावात सगळ्यांची तोंडं उतरलेली. हसत होता एकटा गुस्ती. बर्फात पाय आपटत यायचा आणि विचारायचा, "काय वालेंत, अजून उतरणार का रे पारा?" वालेंत म्हणजे मी. माझी बाग जाल्झाच्या बागेला लागूनच, त्यामुळे मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जानेवारीच्या शेवटी विंत्सेकचा दिवस येतो. विंत्सेक हा आमच्या द्राक्षवाल्यांचा संत. त्या दिवशी, कितीही बर्फ असो, सगळे आपापल्या बागेत चढतात. वेलीला सॉसेज आणि खारवलेल्या चरबीचे तुकडे टांगतात, घडही असेच लोंबू देत म्हणून. मुळाशी जुनी वाइन ओततात. आणि एक काडी कापून घरी नेतात, पाण्याच्या बरणीत घालून खिडकीत ठेवतात. उबेला काडी फुटली की कळतं, वेल थंडीतून वाचली. आजोबा-पणजोबांपासून हाच आमचा दवाखाना.

त्या वर्षी जाल्झाच्या बागेत अख्खं गाव जमलं. सॉसेज बघायला नव्हे, गुस्तीला बघायला. तो खिशातून चाकू काढून आधीच कामाला लागला होता. वेलीच्या शेंड्याची एक काडी धरली, नखाएवढी साल खरवडली. आत तपकिरी, सुक्या तंबाखूसारखं.

"बघा! मेली. वहिनी, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

मला काही राहवेना. मी खालची दुसरी काडी खरवडली. आत हिरवंगार.

"जिवंत आहे!" मी ओरडलो.

"दोघेही गप्प बसा," जाल्झा म्हणाली. ती सॉसेज टांगण्यात मग्न होती. "गुस्ती, तू केसाला विचारतोस डोकं जिवंत आहे का. शेंडा काय, बऱ्या वर्षीसुद्धा वाळतो. आणि वालेंत, तू त्याच्याहून खुळा. गोठलेलं मांस लालच दिसतं, नाही का? म्हणून काय डुक्कर जिवंत होतं? ऊब लागू दे, मग हिरव्याचं काळं होतंय का बघ. सालीला पण खरं बोलायला वेळ लागतो."

"म्हणजे कधी कळणार?" गुस्ती म्हणाला. "तुमच्या सोयीनं?"

"मार्चमधल्या संत योसिपच्या दिवसापर्यंत. काडी फुटली तर मी जिंकले. नाही फुटली तर सही."

"आणि काडी तुमच्या खिडकीत? रात्रीत बदलून टाकाल."

"मग तुझ्या खिडकीत? तू टायरवर ठेवशील."

हसण्याचा एकच गदारोळ झाला. शेवटी ठरलं: बरणी आमच्या खिडकीत. माझी बायको तिल्डा दोघांशीही सारखीच भांडायची, म्हणून तिच्यावर दोघांचाही विश्वास. गुस्तीनं काडी निवडली, जाल्झानं कापली. तीन डोळ्यांची, पेन्सिलीएवढी जाड.

मग सुरू झालं वाट बघणं. तिल्डा पाणी बदलायची. गुस्ती कामाच्या वाटेवर डोकावायचा, एक राकिया घ्यायचा, काडीकडे बघून समाधानानं मान हलवायचा आणि जायचा. शेजारी यायचे, एकेक राकिया घ्यायचे. असा खर्चाचा पाहुणा आमच्या घरी कधी आला नव्हता. फक्त जाल्झा एकदाही आली नाही.

"कुमा, निदान बघून तरी जा," मी एकदा म्हटलं.

"दुधाकडे बघत बसलं की ते उतू जात नाही," ती म्हणाली. "आणि मी इकडं कात्रीला धार लावू की तुझ्या खिडकीत बसू?" मेली म्हणून ठरवलेल्या बागेच्या छाटणीची ती तयारी करत होती. त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त डोळे राखायचे म्हणे. दहा मेले तर अकरावा असू दे.

दिवस गेले. इतरांच्या खिडक्यांत कुठंकुठं हिरवी टोकं दिसायला लागली. माझ्या बागेतली काडी तर पान काढून मोकळी झाली. जाल्झाची काडी मात्र आधी करडी, मग तपकिरी, मग चक्क काळी पडत चालली. तिल्डानं बरणी चुलीजवळ आणली, पुन्हा खिडकीत नेली, काडीशी गोड बोलली, शिव्या दिल्या. काही नाही.

संत योसिपचा दिवस उजाडला तेव्हा गुस्ती ठेवणीतला कोट घालून आला. काडी उचलली, वाकवली. ती कट्‌कन मोडली.

"झालं," तो म्हणाला. आवाजात आनंद होता, पण थोडी लाजही होती, खोटं कशाला बोलू. "अट ती अट."

तेवढ्यात तिल्डानं बरणी उचलली, ओतायला म्हणून. नाकाशी नेली. तिचा चेहरा बदलला.

"वालेंत, हे पाणी आहे?"

मी वास घेतला. गुस्तीनं घेतला. बरणीतून राकियाचा भपकारा येत होता. इतके दिवस सगळं घरच राकियानं घमघमत होतं, म्हणून कुणाच्या नाकाला कळलं नव्हतं.

आम्ही तिघंही चुलीजवळच्या बाकावर बसलेल्या माझ्या बापाकडे वळलो. बाप ऐंशीच्या पुढचा, कानानं ठार बहिरा. आम्ही बघतोय हे बघून त्यानं आनंदानं ग्लास वर केला.

"बाबा! बरणीत काय ओतलंत?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"माझ्यातली घोटभर! रोज!" बाप म्हणाला. "विंत्सेकला वेलीला पाजतात ना? मग या गरिबानं काय पाप केलं? सगळे येऊन हिच्यासमोर पितात आणि हिला कुणी विचारत नाही. ही काय रीत झाली?"

तिल्डा मटकन खाली बसली. मी म्हटलं, "गुस्ती, हे काही खरं नाही. काडी थंडीनं मेलीच नाही."

"कशानं मेली ते अटीत नव्हतं," गुस्ती म्हणाला आणि टोपी घालून निघाला. "उद्या सकाळी माणसं घेऊन वर येतो. वहिनींना सांग."

मी धापा टाकत टेकडी चढलो. जाल्झा कोठीत पिंपं धूत होती. सगळं ऐकलं आणि अशी हसायला लागली की पिंपाला धरून उभी राहिली.

"झिंगून मेली! इम्ब्राच्या घराण्याची काडी, दुसरं काय होणार!" डोळे पुसून ती म्हणाली. "येऊ दे त्याला. मलाही आता बरणीबिरणीचा कंटाळा आलाय."

सकाळी बर्फ वितळून सगळी टेकडी थबथबत होती. गुस्ती तीन माणसं आणि कुदळी घेऊन आला. मागून निम्मं गाव. जाल्झा वेलींच्या पहिल्या रांगेच्या तोंडाशी उभी होती, एका हातात करवत, दुसऱ्यात वस्तरा. कुदळवाल्यांत पुढे होता लोज, धिप्पाड गडी.

"कुमा, जरा बाजूला व्हा," तो पायाकडे बघत म्हणाला.

"लोज, तुला पाण्यावर धरलं तेव्हा तू माझ्या बाहीवर मुतला होतास. सणाची बाही होती. मी काही बोलले?"

"नाही, कुमा."

"मग आता तू काही बोलू नकोस. लाव कुदळ, मी अडवत नाही. पण मेलेल्याला पुरायच्या आधी नाडी बघतात की नाही? गुस्ती, ये. तूच निवड. सगळ्यात मेलेली वेल दाखव."

गुस्ती रांगेत फिरला. वरच्या कडेची, वाऱ्याच्या तोंडची एक काळपटलेली वेल त्यानं दाखवली. जाल्झा तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. जिथं बर्फाचं पांघरूण होतं तिथली, जमिनीलगतची साल तिनं वस्तऱ्यानं अलगद सोलली. आत हिरवं, ओलं, चकाकणारं. मग वरच्या काडीचा एक डोळा आडवा कापला आणि लोजच्या नाकासमोर धरला. वेलीचा डोळा दिसायला एक, पण आत तीन असतात. मधला थोरला, घड देणारा. कडेला दोन धाकटे, अडीअडचणीला. मधला काळा कोळसा झाला होता. कडेचे दोन्ही हिरवे होते, टाचणीच्या डोक्याएवढे.

"आता ही," म्हणून तिनं करवतीनं एक जाड काडी कापली. आम्ही बघत राहिलो. काही होईना. गुस्तीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कापाच्या तोंडावर पाणी चमकलं. थेंब फुगला, लोंबला, पडला. मागून दुसरा. वसंतात मुळं जागी झाली की कापलेली वेल अशी गळते. आमच्याकडे म्हणतात, वेल रडते.

"मेलेलं कधी रडतं का रे?" जाल्झानं विचारलं.

लोजनं बोटावर थेंब घेऊन चाटला. "जिवंत आहे," तो म्हणाला, जसा काही पाद्रीच.

गुस्ती लाल झाला. "रडते तर रडू दे! मधला डोळा गेलाय, सगळ्यांनी पाहिलंय. पानं येतील नुसती, घड नाही. घड न धरणारी वेल मेल्यातच जमा. तिला जिवंत कशाला म्हणायचं?"

तो काय बोलला ते त्याच्याआधी आम्हाला कळलं. तिल्डानं माझा हात घट्ट धरला. फक्त थेंब पडत होते, टप, टप.

जाल्झानं वस्तरा मिटला.

"पुन्हा म्हण."

"वहिनी, मी वेलीबद्दल..."

"मीपण वेलीबद्दलच विचारतेय. घड न धरणारी... पुढं? म्हण ना. सगळं गाव आलंय ऐकायला."

गुस्ती बुटानं चिखल उकरायला लागला.

"मी जिवंत म्हटलं होतं, गुस्ती. फळती म्हटलं नव्हतं. तुझी पोर अंका तापानं फणफणली होती, रस्ते बंद होते, तेव्हा तिला पाठीवर बांधून बर्फातून दवाखान्यात कोण घेऊन गेलं? मेलेली बाई? या तिघा कुदळवाल्यांना पाण्यावर कुणी धरलं? मेल्या बाईनं? चाळीस वर्षं मी या टेकडीवर घडाशिवाय उभी आहे. कुणाची हिंमत आहे मला उपटायची, त्यानं पुढं यावं. वेलीचं नंतर बघू."

कुणी पुढं आलं नाही. लोजनं कुदळ उलटी करून खांद्यावर टाकली. "गुस्ती," तो म्हणाला, "दुकानात टायरचं काही काम असलं तर सांग. इथं काही नाही." बाकीचे दोघंही वळले. गुस्तीनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि तोही त्यांच्यामागून उतरला. दातवाला पुढं पलीकडच्या टेकडीवर गेला. तिथून नदी दिसत नाही, पण त्याचा दातांचा धंदा मजेत चालतो म्हणतात.

त्या उन्हाळ्यात जाल्झाच्या वेलींना पानं आली. अशी पानं, की रांगेतून पलीकडचा माणूस दिसू नये. आणि घड? गुस्ती खोटं बोलला नव्हता. नव्हतेच.

तरी शरदात तिनं सगळ्या गावाला द्राक्षतोडीला बोलावलं.

"कुमा, तोडायचं काय?" मी विचारलं.

"टोपल्या आणा. बाकीचं माझं मी बघते. माझ्या बागेत तोडीचा दिवस चुकला असं कुणी म्हणता कामा नये."

तिनं दोन बदकं भाजली, चीज भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्यांचं, श्त्रुक्लीचं, पातेलं उकडलं, पिंपं धुऊन पाणी भरून ठेवली होती, वाळून फटी पडू नयेत म्हणून. आणि आम्ही सगळे, मोठी माणसं, रिकाम्या टोपल्या घेऊन गाणी म्हणत रांगांतून फिरलो. माझा बाप खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता, "खालचे बघा, खालचे राहतात!" इतकं हसलो त्या दिवशी, की भरल्या तोडीलाही इतकं हसलो नव्हतो.

गुस्तीलाही बोलावणं होतं. तो आला, सगळ्यांच्या मागून, कोठीच्या भिंतीच्या कडेनं. तिथं एक आडवी वेल हिवाळाभर बर्फाखाली दबून राहिलेली. तो वाकला आणि तसाच थांबला.

"वहिनी," त्यानं हाक मारली. आवाज भलताच बारीक. "इकडं या जरा."

पानांखाली एक घड होता. पोराच्या मुठीएवढा, पण पिकलेला. गुस्तीनं त्याला हात लावला नव्हता, नुसती पानं बाजूला धरून उभा होता.

जाल्झा आली. बघितलं. खिशातून वस्तरा काढला, घड कापला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "पण जपून हं. मेल्या वेलीचा आहे."

सगळं गाव बघत होतं. गुस्तीनं एकेक मणी तोंडात टाकला, सावकाश, डोळे खाली घालून. आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, त्यानं एकसुद्धा बी थुंकली नाही.